कॅव्हलरीचा झेंडा ओळखायचा कसा आणि साल कसं लावायचं: गोष्ट सगळ्यात शेवटी ऐका

मला लोक फोटो पाठवतात, बरेचसे अमेरिकेत राहणारे आपले मराठी मित्र, ब्रिमफील्डच्या मार्केटमध्ये नाहीतर एखाद्या इस्टेट सेलमध्ये वर लाल खाली पांढरा, दोन टोकांचा झेंडा दिसतो, वर ७ आकडा असतो, विकणारा सांगतो की हा कस्टरच्या सेव्हन्थ कॅव्हलरीचा, १८७६ चा, लिटल बिगहॉर्नचा, आणि मग मला विचारतात की घेऊ का. (कॅव्हलरी म्हणजे घोडदळ. कस्टर हा तिथला अधिकारी, मूळ अमेरिकन जमातींविरुद्धच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तो आपल्या पाच कंपन्यांसकट मारला गेला.) १८७६ साली सेव्हन्थ कॅव्हलरीकडे लाल-पांढरे झेंडे नव्हतेच. तेव्हा त्यांच्याकडे स्टार्स अँड स्ट्राइप्सचे होते, म्हणजे तारे आणि पट्टे असलेले. लाल-पांढरा सिनेमात दिसतो म्हणून सगळ्यांच्या डोक्यात तोच बसलाय. एवढी एक गोष्ट माहीत असती तर कितीतरी जणांचे पैसे वाचले असते, म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहितोय.

चूक जवळजवळ नेहमी क्रमाची असते. लोक आधी गोष्ट ऐकतात, मग त्या गोष्टीला जुळणारे पुरावे शोधत बसतात. तुम्ही उलट जा. आधी पॅटर्न, मग माप, मग तारे आणि अक्षरं, मग कापड आणि शिवण, आणि गोष्ट एकदम शेवटी.

इथे मी फक्त अमेरिकन कॅव्हलरीच्या कंपनीच्या, म्हणजे रेजिमेंटमधल्या छोट्या तुकडीच्या, झेंड्याबद्दल लिहितोय, ज्याला गायडन म्हणतात. आपल्या भगव्यासारखा दोन शेपट्यांचा, मध्ये खाच असलेला, भाल्यावर लावायचा. रेजिमेंटचा मोठा चौकोनी झेंडा वेगळा असतो, त्याचे नियमही वेगळे, ते इथे लावू नका.

टप्पा १: हात लावायच्या आधीची तयारी

टेबल मोकळं करा, झेंड्यापेक्षा मोठं पाहिजे. वर स्वच्छ पांढरी सुती चादर किंवा ॲसिड-फ्री टिश्यू पेपर. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा, रेशमाच्या एका धाग्यात अडकलं तरी पट्टीच्या पट्टी फाटत जाते. हात धुवून पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका.

हे जवळ ठेवा: कापडी मेजरिंग टेप (स्टीलचा नको), दहापट भिंग, छोटा टॉर्च, यूव्ही टॉर्च, पेन्सिल आणि वही. पेन टेबलावरही नको. शाईचा एक डाग पडला की संपलं.

घडी घातलेला आला असेल तर एकदम झटकून उघडू नका. एक एक घडी, खालून हात देत. रंगवलेले तारे घडीवर आले असतील आणि रंग कडक झाला असेल तर तिथेच थांबा, जेवढं उघडलंय तेवढ्याचेच फोटो काढा आणि कापड-संवर्धन करणाऱ्या माणसाकडे न्या.

थांबा: धुवायचं नाही, इस्त्री नाही, ड्रायक्लीन नाही, मागून सेलोटेप नाही, व्हिनेगरचं पाणी नाही. एकाने मला दाखवायच्या आधी "जरा बरा दिसावा म्हणून" कोमट पाण्यात घातला होता. लाल रंग सगळा पांढऱ्यात उतरला, आणि नंतर मातीच्या डागांवरून जे काही वाचता आलं असतं तेही गेलं. मळ हा पुरावा असतो, तो राहू द्या.

टप्पा २: फोटो

पुढून पूर्ण, मागून पूर्ण, चारही कोपरे, काठीकडची पूर्ण बाजू, प्रत्येक अक्षर-आकडा जवळून. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च टेबलाला समांतर, एका बाजूने मारा आणि परत फोटो काढा. हे बहुतेक लोक करतच नाहीत. बाजूच्या उजेडात सुईची जुनी भोकं दिसतात, काढून टाकलेल्या अक्षराची सावली दिसते, नंतर लावलेलं ठिगळ उठून दिसतं. समोरच्या उजेडात यातलं काही दिसत नाही.

खिडकीला धरून उजेड आरपार बघायचा मोह होतो. रेशमाचा असेल तर नका करू, स्वतःच्याच वजनाने तो फाटतो.

टप्पा ३: पॅटर्न कुठला ते आधी ठरवा

अर्धे गोंधळ इथेच सुटतात. सैन्याच्या गायडनचे ढोबळ तीन काळ लक्षात ठेवा:

१८६२ च्या आधी: वर लाल, खाली पांढरा. लालवर पांढऱ्यात यू. एस. ही अक्षरं, पांढऱ्यावर लाल रंगात कंपनीचं अक्षर.

१८६२ ते १८८५: राष्ट्रध्वजासारखा, तारे आणि तेरा पट्टे, पण दोन शेपट्यांचा. जानेवारी १८६२ च्या आदेशाने हा आला.

१८८५ पासून पुढे: परत वर लाल खाली पांढरा, पण आता लालवर यू. एस. नाही, रेजिमेंटचा आकडा पांढऱ्यात, आणि खाली पांढऱ्यावर ट्रूपचं (कंपनीचंच नवं नाव) अक्षर लाल रंगात. हाच पॅटर्न आजपर्यंत चालू आहे.

म्हणजे लाल-पांढरा दिसला की पहिला प्रश्न एकच, वर अक्षरं आहेत की आकडा. अक्षरं असतील तर तो जुना पॅटर्न, आकडा असेल तर १८८५ किंवा नंतरचा, मग तो १८९० चा असेल, १९४० चा असेल किंवा १९९० चा, ते पुढच्या टप्प्यांत कळेल. लालवर ७ असलेला झेंडा १८७६ चा असू शकत नाही, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी.

एक सूट मात्र द्यायला लागते. नवा आदेश निघाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे झेंडे बदलले असं होत नाही, जुना फाटेपर्यंत वापरात राहायचा. म्हणून बदलाच्या सालाच्या पुढेमागे थोडी जागा सोडा. पण ही सूट जुना झेंडा पुढे वापरण्यापुरती आहे, नवा पॅटर्न आदेशाच्या नऊ वर्षं आधी वापरण्याची नाही.

चेक: दोन शेपट्या म्हणजे कॅव्हलरीच असं धरू नका. सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेचं यादवी युद्ध, १८६१ ते १८६५) सेनापतींच्या हेडक्वार्टरचे, डिव्हिजन-ब्रिगेड ओळखायचे झेंडेही दोन टोकांचे असायचे. कस्टरचा स्वतःचा लाल-निळा होता आणि त्यावर आडव्या-तिडव्या पांढऱ्या तलवारी. युद्धानंतर १८६६ मध्ये निघालेल्या ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या जुन्या सैनिकांच्या संघटनेच्या शाखाही परेडला तारे-पट्ट्यांचे गायडन घेऊन जायच्या, १९०० नंतरसुद्धा. ते खरे जुने असतात, जपायच्या लायकीचे असतात, पण सैन्याने लढाईत नेलेले नसतात आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टप्पा ४: माप घ्या, पण काठीकडून सुरुवात करा

१८६१ च्या नियमावलीत गायडन असा सांगितलाय: भाल्याच्या बाजूला २ फूट ३ इंच (२७ इंच, साधारण ६९ सेंटीमीटर), भाल्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३ फूट ५ इंच (४१ इंच, साधारण १०४ सेंटीमीटर), खाच १५ इंच खोल. भाला टोक आणि तळाच्या टोपणासकट ९ फूट.

लोक काय करतात, लांबी मोजतात, ३३-३४ इंच भरते, आणि म्हणतात माप जुळत नाही, खोटा आहे. अहो, वाऱ्यात फडकून फडकून शेपटीची टोकं झिजतात, जाणारच. काठीकडची बाजू झिजत नाही. म्हणून आधी तीच मोजा. ती २७ च्या आसपास आली आणि लांबी कमी असली तर ते खऱ्या वापराचंच लक्षण आहे. उलट लांबी बरोबर ४१, शेपट्यांची टोकं सुईसारखी टोकदार, आणि तरी झेंड्याच्या मधोमध "गोळ्यांची" भोकं, तर मला लगेच संशय येतो.

काठीकडे २० इंच आणि लांबी पावणेअठ्ठावीस इंच आली, खाच १० इंच, तर तो आधुनिक सैन्याचा गायडन. बनावट नाही, पण एकोणिसाव्या शतकातलाही नाही. ही दोन मापं पाठ करून ठेवा, बाजारात उभ्या उभ्या उपयोगी पडतात.

काठीकडची बाजू आणखी नीट बघा. काठी घालायची शिवलेली नळी आहे का, खिळ्यांच्या गंजाचे डाग आहेत का, चामड्याचे तुकडे आहेत का. पितळी रिंगा ठोकलेल्या असतील तर तो दोरीने खांबावर चढवायचा झेंडा असण्याची शक्यता जास्त, किंवा नंतर कुणीतरी भिंतीवर टांगायला ठोकल्यात.

टप्पा ५: तारे मोजा (तारे-पट्ट्यांचा असेल तर)

दोनदा मोजा, आणि दुसऱ्या कुणाकडून तिसऱ्यांदा मोजून घ्या. वर्तुळात मांडलेले तारे मोजताना हमखास चूक होते, फोटोवर पेन्सिलने टिक करत मोजा. एखादा तारा पडून गेला असेल तर त्याची जागा धरा.

३४ तारे: ४ जुलै १८६१ पासून
३५: ४ जुलै १८६३
३६: ४ जुलै १८६५
३७: ४ जुलै १८६७
३८: ४ जुलै १८७७
त्यानंतर थेट ४३: ४ जुलै १८९०

आता हे वाचायचं कसं. ताऱ्यांच्या संख्येवरून फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच ठरतं. ३५ ताऱ्यांचा झेंडा १८६४ चा असू शकतो आणि डेपोत पडून राहून १८७० मध्ये वापरात आलेलाही असू शकतो. लोक ३५ म्हटलं की सरळ "१८६३ ते ६५" लिहून टाकतात. ते झेंडा बनवल्याचं साल म्हणून बहुतेक चालेल, वापरल्याचं साल म्हणून नाही.

दुसरी बाजू पण लक्षात घ्या. खाजगी कारखानदार कधीकधी नवं राज्य येणार म्हणून आधीच तारा वाढवून ठेवायचे, त्यामुळे खाजगी झेंड्याला वर्षभराची ढील द्या. पण कोलोरॅडो राज्य झालं १ ऑगस्ट १८७६ ला आणि लिटल बिगहॉर्नची लढाई २५ जून १८७६ ची, म्हणजे ३८ ताऱ्यांचा झेंडा त्या लढाईचा म्हणून कुणी विकत असेल तर मी तरी तिथून निघेन. आणि ४३, ४४, ४५ तारे असलेला दोन शेपट्यांचा झेंडा सैन्याच्या कंपनीचा नाही, कारण १८८५ नंतर तो पॅटर्नच बंद झाला होता. तो परेडचा.

सिव्हिल वॉरच्या सरकारी रेशमी गायडनवर तारे बहुतेक सोनेरी रंगात रंगवलेले असतात, शिवलेले नाहीत, आणि मांडणी एकात एक दोन वर्तुळं आणि चार कोपऱ्यांत चार तारे अशी. सरळ ओळीत शिवलेले पांढरे सुती तारे दिसले तर लगेच खोटा म्हणू नका, पण वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढा. रंगवलेला असेल तर भिंगातून बघा, जुना रंग ताऱ्याच्या कडेने तडकलेला असतो आणि पुष्कळदा रेशीम नेमकं ताऱ्याच्या बाह्यरेषेवर तुटतं, कारण रंगाने कडक झालेलं कापड आणि मऊ कापड यांचा सांधा तिथे असतो. रंग तडकलेल्या रेशमाच्या भेगेतही उतरलेला दिसला, तर रंग भेगेच्या नंतरचा. म्हणजे जुन्या कापडावर नवीन रंगकाम.

टप्पा ६: अक्षर आणि आकडा

कंपनीची अक्षरं ए पासून एम पर्यंत, मधलं जे नाही. हाताने लिहिताना आय आणि जे सारखे दिसायचे म्हणून जे वापरतच नव्हते. जे कंपनीचा एकोणिसाव्या शतकातला गायडन कुणी दाखवला तर तिथेच नमस्कार करा. "ट्रूप" हा शब्द लिहिलेला असेल तर १८८३ लक्षात ठेवा, अधिकृतपणे कंपनीच्या जागी ट्रूप तेव्हा आलं.

रेजिमेंटचा आकडा पण साल सांगतो. नियमित सैन्यात १ ते ६ हे आकडे ऑगस्ट १८६१ पासून, ७ ते १० जुलै १८६६ पासून, ११ ते १५ १९०१ पासून. म्हणून आकडा ९ किंवा १० (हे दोन कृष्णवर्णीय सैनिकांचे रेजिमेंट, यांच्या वस्तूंना मागणी खूप आणि नकलाही तेवढ्याच) असेल तर १८६६ च्या आधीची कुठलीही गोष्ट बाद. राज्याचं नाव असेल, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन वगैरे, तर ते व्हॉलंटियर, म्हणजे राज्याने उभारलेले स्वयंसेवक, त्यांना हे आकडे लागू नाहीत, मिशिगनचा सेव्हन्थ आणि सरकारी सेव्हन्थ दोन्ही वेगळे.

नंतर बसवलेला आकडा हीच सगळ्यात जास्त चालणारी फसवणूक. झेंडा खरा, १८९० चा, आकडा ३ होता, तो उसवून ७ लावला की किंमत कुठल्या कुठे जाते. आणि अक्षर सी, ई, एफ, आय नाहीतर एल केलं की अजून, कारण कस्टरबरोबर ज्या पाच कंपन्या संपल्या त्या याच. टप्पा २ मध्ये बाजूच्या उजेडात काढलेले फोटो आता समोर घ्या. आकड्याभोवती रिकामी सुईची भोकं आहेत का? आकड्याच्या आजूबाजूला दुसऱ्याच आकाराचा गडद लाल भाग दिसतो का, जिथे जुन्या आकड्याने उन्हापासून कापड झाकलं होतं? आकड्याचा धागा आणि बाकी झेंड्याचा धागा एकच आहे का?

चेक: इथपर्यंत आलात की वहीत दोन साल लिहा, सगळ्यात लवकरचं आणि सगळ्यात उशिराचं. एकच साल लिहू नका. ३७ तारे, सोनेरी रंगवलेले, काठीकडे २७ इंच असेल तर लिहायचं "१८६७ ते १८८५". पुढचा टप्पा हे कमी करेल किंवा पार मोडून काढेल.

टप्पा ७: कापड, धागा, शिवण

आपल्याकडे घराघरात रेशीम, सूत, लोकर हाताला माहीत असतं, त्याचा इथे फायदा होतो. सिव्हिल वॉरचे आणि त्यानंतरचे सरकारी गायडन बहुतेक रेशमी. १८८५ नंतरच्या काळात रेशमी हा समारंभाचा आणि लढाईचा, आणि रोजच्या कवायतीला लोकरीच्या बंटिंगचा (झेंड्यांसाठीचं विरळ विणीचं कापड), असे दोन्ही सापडतात. म्हणून लोकरीचा आहे म्हणून टाकून देऊ नका.

नायलॉन असेल तर १९४० च्या आधीचा नाही. पॉलिस्टरचा धागा असेल तर त्याहून नंतरचा. इथे जळण्याची परीक्षा कामाला येते, पण झेंड्यावर नाही! आपोआप सुटून टेबलावर पडलेला एक तंतू चिमट्यात धरायचा, झेंड्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात आणि राख बोटात चुरली जाते, सूत कागदासारखं जळतं, नायलॉन-पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. शिवणीच्या धाग्याचीही वेगळी परीक्षा करा, कापड जुनं आणि धागा पॉलिस्टर म्हणजे दुरुस्ती किंवा जुन्या कापडातून बनवलेली नक्कल.

"मशीनची शिवण आहे म्हणजे खोटा" हे डोक्यातून काढा. शिवणयंत्रं १८५० च्या दशकातच कारखान्यात आली होती, सिव्हिल वॉरच्या झेंड्यांवर मशीनची सरळ शिवण अगदी रास्त आहे. झिगझॅग शिवण मात्र १८६२ च्या झेंड्यावर शोभत नाही.

यूव्ही टॉर्च अंधारात मारा. कापड किंवा धागा निळसर-पांढरा झगमगला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून वापरायचं रसायन) आहे, जे दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आले. पण यावर एकट्यावर निकाल देऊ नका, कुणीतरी १९७० मध्ये जुना झेंडा साबणात धुतला असेल तरी तो चमकेल. धागा चमकतो आणि कापड नाही, असं असेल तर ते जास्त बोलकं.

मग रंग. शिवणीच्या दुमडीच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथला रंग बाहेरपेक्षा गडद असला पाहिजे. दुमडीत आणि बाहेर एकच तपकिरी छटा असेल तर चहाच्या पाण्यात किंवा कॉफीत बुडवलेला असण्याची शक्यता दाट. खरा मळ असमान असतो, काठीकडे हाताचा, घडीच्या रेषेवर धुळीचा, शेपटीला वाऱ्याचा.

लेबल किंवा शिक्का असेल तर काम सोपं. फिलाडेल्फिया क्वार्टरमास्टर डेपोचा शिक्का आणि कॉन्ट्रॅक्ट नंबर असलेले विसाव्या शतकातले पुष्कळ मिळतात. डीएसए (सैन्याला माल पुरवणारी सरकारी संस्था) ने सुरू होणारा नंबर म्हणजे १९६२ ते १९७७, डीएलए (त्याच संस्थेचं नंतरचं नाव) म्हणजे त्यानंतरचा. स्टॉक नंबर (सरकारी साठ्यातल्या वस्तूचा क्रमांक) ११ आकडी असेल तर १९७४ च्या आधीचा, १३ आकडी असेल तर नंतरचा. लेबल उसवून काढलेल्या आयताकृती खुणा दिसल्या तर विकणाऱ्याला सरळ विचारा की लेबल कुठे गेलं.

टप्पा ८: आता गोष्ट ऐका

आता तुमच्या वहीत साल आहे, कंपनी आहे, कापड आहे. आता विचारा की कुटुंबात कुठून आला, कुणी कुणाला दिला, कागद काय आहे. आणि गोष्ट वहीला जुळते का बघा, वही गोष्टीला नाही.

चांगला इतिहास कसा असतो त्याचं उदाहरण, लिटल बिगहॉर्नवर सार्जंट कल्बर्टसनला एका सैनिकाच्या मृतदेहाखाली गायडन सापडला, १८९५ मध्ये तो डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाने विकत घेतला, आणि डिसेंबर २०१० मध्ये सदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरला गेला. कोणाला सापडला, कोणाकडे किती वर्षं होता, सगळी साखळी आहे. आणि तो तारे-पट्ट्यांचाच आहे. ही किंमत छापून आल्यापासून "आजोबांच्या ट्रंकेतले" सेव्हन्थ कॅव्हलरीचे झेंडे किती दिसतात विचारू नका.

सैनिकाचं नाव मिळालं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नियमित कॅव्हलरी रेजिमेंटचे १८३३ ते १९१६ चे मासिक रिटर्न्स, म्हणजे दर महिन्याचे अहवाल, आहेत, कुठली कंपनी कुठल्या महिन्यात कुठल्या किल्ल्यावर होती ते त्यात सापडतं. गोष्टीत सांगितलेल्या जागी ती कंपनी त्या महिन्यात होती का, एवढं बघायला एक संध्याकाळ लागते. व्हॉलंटियरचा असेल तर त्या राज्याचा झेंडा-संग्रह बघा, पेनसिल्व्हेनियाने आपल्या सिव्हिल वॉरच्या झेंड्यांचं फार मनापासून जतन केलंय आणि शेजारी ठेवून तुलना करायला ते फोटो सोन्यासारखे आहेत.

टप्पा ९: नोंद आणि ठेवणं

वहीत शेवटचं असं लिहा: पॅटर्न, माप, ताऱ्यांची संख्या, अक्षर-आकडा, कापड, धागा, लवकरचं साल, उशिराचं साल, आणि मग वेगळ्या परिच्छेदात "मालकाने सांगितलेलं". दोन्ही कधी मिसळू नका. चाळीस वर्षांनी तुमच्या नातवाच्या हातात ती वही पडेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की कुठलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आणि कुठलं कानांनी ऐकलं.

झेंडा सपाट ठेवा, ॲसिड-फ्री खोक्यात, अंधारात, दमट तळघरात नाही आणि तापणाऱ्या माळ्यावरही नाही. घडी घालायलाच लागली तर घडीत टिश्यूच्या सुरळ्या भरा आणि रंगवलेल्या भागावर घडी येऊ देऊ नका. फ्रेम करायची असेल तर यूव्ही अडवणारी काच, ती कापडाला टेकता कामा नये, आणि मागे गोंद लावतो म्हणणाऱ्या फ्रेमवाल्याकडून झेंडा तसाच परत घेऊन या.